मोठ्या फॅनफिकला कट्टा हवा

‘पुढचा पार्ट कधी?’ पहिल्या दोन-तीन प्रकरणांना ही कमेंट आली की अंगावर मूठभर मांस चढतं. पंधराव्या प्रकरणानंतर तीच कमेंट दिसली की नोटिफिकेशन बंद करावंसं वाटतं. तुम्ही स्वतः फॅनफिक लिहीत असाल तर हे वेगळं सांगायला नको. फक्त वाचत असाल, तर रात्री दोन वाजता शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचून, ‘शेवटचं अपडेट २०२१’ बघून कपाळावर हात मारून घेतला असेलच. गोष्ट भारी होती, वाचक होते, कमेंट्स होत्या. मग लिहिणारी गेली कुठे?

बहुतेक वेळा ती कुठेच गेलेली नसते. सेमिस्टर सुरू होतं, सबमिशन्स येतात, कथानक मध्येच अडकतं आणि हे सगळं बोलायला कुणी नसतं. घरी सांगायची सोय नसते. वर्गात सांगावं तर ‘म्हणजे तू कॉपी करतेस?’ इथपासून सुरुवात. एखादं छोटं फिक एका रात्रीत लिहून होतं, पण लाखभर शब्दांची गोष्ट एकटीने ओढत नेणं हे वेगळंच काम आहे. म्हणून मुद्दा सरळ आहे: मोठं फॅनफिक लिहिणाऱ्यांनी आपापला छोटासा ऑनलाइन कट्टा आता स्वतःच उभा करायला हवा. ‘आता’च का, ते २०२५ या वर्षाने नीट दाखवून दिलंय.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आवडत्या पुस्तकातली, सिनेमातली, मालिकेतली किंवा अ‍ॅनिमेतली पात्रं आणि त्यांचं जग घेऊन चाहते ज्या नव्या गोष्टी लिहितात, त्यांना फॅनफिक्शन किंवा लाडाने फॅनफिक म्हणतात. आपल्याकडे साठच्या दशकात लेखक मंडळी अनियतकालिकं काढत होती, त्याच काळात अमेरिकेत १९६७ साली ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकनालिया’ नावाचं छापील अनियतकालिक काढलं होतं. तेव्हा ते टपालाने फिरायचं. आज ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या एकाच संग्रहावर एक कोटीहून जास्त फिक्स आहेत. त्याला सगळे ‘एओथ्री’ म्हणतात.

एका वर्षात तीन धक्के

पहिला धक्का मार्च २०२५च्या अखेरीस बसला. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ म्हणजे ‘नॅनोरायमो’ चालवणाऱ्या अमेरिकन संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात अवघ्या २१ जणांनी सुरू केलेला हा उपक्रम. नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५० हजार शब्द लिहायचे, एवढाच नियम. पुढे जगभरातून लाखो लोक त्यात उतरले आणि त्यात फॅनफिकवाले कायम होते. मोठं लिहिणाऱ्यांना एकत्र बसवणारी ही बहुधा सगळ्यात ओळखीची जागा होती.

दुसरा धक्का त्याच सुमारास. एओथ्रीवरच्या सुमारे १ कोटी २६ लाख फिक्सचा मजकूर कुणीतरी परस्पर उतरवून घेतला आणि एआय मॉडेल्सना शिकवण्यासाठीचा डेटा जिथे ठेवला जातो त्या ‘हगिंग फेस’वर टाकून दिला. एओथ्री चालवणाऱ्या संस्थेने कायदेशीर तक्रार केली आणि तो डेटा तिथे बंद झाला. पण विश्वासाला तडा गेलाच. अनेकींनी आपल्या गोष्टी कुलूपबंद केल्या, म्हणजे खातं असेल त्यालाच दिसतील अशा करून टाकल्या.

तिसरा धक्का गोड होता. सप्टेंबर २०२५मध्ये ‘अल्केमाइज्ड’ ही हजार पानांहून मोठी कादंबरी बाजारात आली. लेखक सेनलिनयू. ही कादंबरी मुळात ‘मॅनॅकल्ड’ नावाचं हॅरी पॉटर फॅनफिक. पात्रांची नावं, जग, सगळं बदलून ती स्वतंत्र पुस्तक म्हणून छापली गेली. त्याच वर्षी ड्रेको आणि हरमायनीच्या फॅनफिकमधून आलेल्या आणखी दोन लेखिकांच्या कादंबऱ्याही निघाल्या. सेनलिनयू यांनी लिहायला सुरुवात केली ती बाळ झोपलेलं असताना, फोनच्या नोट्स अ‍ॅपमध्ये. हे ऐकून कुणाला हुरूप येणार नाही?

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकत्र बसून लिहायची जागा गेली. लिहिलेलं न विचारता उचललं गेलं. आणि वर ‘तुझंही पुस्तक होऊ शकतं’ हे आमिष आलं. फॅनफिक आजवर चाललं ते देवाणघेवाणीवर. मी तुझं वाचते, तू माझं वाच, पैशांचा विषय नाही. या व्यवहारावर दोन्ही बाजूंनी ताण आलाय आणि नेमकं याच वेळी सोबत कमी झालीये.

वाचक आणि सोबती

इथे कुणी म्हणेल, सोबत कशाला हवी? कमेंट्स आहेत, कुडोज आहेत, इन्स्टावर एडिट्स बनवणारे आहेत. बरोबर आहे. पण हे सगळं प्रकरण पोस्ट झाल्यावर येतं. लिहिणाऱ्याचा खरा लोचा त्याच्या आधी होतो. दोन पात्रांचं भांडण लिहून झालंय, पण समेट कसा घडवायचा सुचत नाहीये. बाराव्या प्रकरणात मारलेलं पात्र विसाव्यात हवंय. ५० हजार शब्द ३० दिवसांत म्हणजे दिवसाला साधारण १,६६७ शब्द. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि लोकलचा प्रवास सांभाळून हे एकटीने जमवायचं तर चौथ्या दिवशीच दम लागतो.

कॉलेजात एकांकिका केली असेल तर हे लगेच कळेल. ‘पुरुषोत्तम’च्या तालमीला रोज संध्याकाळी लोक येतात, ते रोज प्रेरणा मिळते म्हणून नाही. बाकीचे आलेले असतात म्हणून येतात. एखाद्या दिवशी तालीम रद्दड होते, तरी दुसऱ्या दिवशी हॉल उघडतोच. प्रेक्षक प्रयोगाला येतो, तालमीला सोबतीच लागतात. मोठ्या फॅनफिकला हा तालमीचा हॉल हवा असतो.

नॅनोरायमोने नेमकं हेच दिलं होतं. शब्द मोजणारा तक्ता, एकत्र बसून लिहायचे कार्यक्रम, ठरावीक मिनिटांत जमेल तेवढं लिहायच्या ‘स्प्रिंट्स’, आणि ‘आज काहीच झालं नाही’ हे लाज न वाटता सांगायची जागा. लिहिलेलं चांगलं आहे की वाईट, हे तिथे कुणी विचारत नव्हतं. लिहिलं का, एवढंच विचारायचे.

मग ते बंद का पडलं? संस्थेने मुख्य कारण पैशांचं दिलं. पण घसरण आधीच सुरू झाली होती. २०२३मध्ये त्यांच्या किशोरवयीन लेखकांच्या चर्चाविभागातल्या एका मॉडरेटरच्या वर्तनाबद्दल गंभीर आरोप झाले. तक्रारी वेळेत हाताळल्या नाहीत म्हणून संस्थेवर टीका झाली आणि चर्चाविभाग बंद करावे लागले. २०२४मध्ये लेखनात एआय वापरण्याबद्दल संस्थेने जी भूमिका मांडली, तिच्यावरून नामवंत लेखक बाहेर पडले. यातून आपण काय घ्यायचं? कट्ट्यावर येणारे लाखो होते, पण कट्टा सांभाळणाऱ्यांची व्यवस्था त्या मानाने तोकडी पडली. म्हणजे सर्व्हर उघडणं हे दोन मिनिटांचं काम. खरं काम आहे ते सांभाळण्याचं.

भिशीचा फॉर्म्युला

तुम्ही कट्टा काढायचं ठरवलंत तर सुरुवात माणसांच्या संख्येपासून करा. माझ्या मते आठ ते बारा जण पुरे. ५०० जणांच्या ग्रुपमध्ये मीम्स भरपूर येतात, प्रकरणं कुणी वाचत नाही. बारा जण असतील तर भिशीसारखी पाळी लावता येते. दर आठवड्याला दोघींचा नंबर. त्या आपलं एकेक प्रकरण ठेवतील आणि बाकीचे ते वाचून बोलतील. सहा आठवड्यांत प्रत्येकाची एक पाळी होते, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये आरामात दोन. भिशीत आपला नंबर लागला की हप्ते थांबवता येत नाहीत, तसंच इथेही. आपलं वाचून घेतलं आणि दुसऱ्याच्या वेळी गायब, हे चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगा.

पाळी असलेल्या लेखिकेने काय हवंय ते आधी सांगायचं. ‘प्लॉट पटतोय का बघा’, ‘फक्त शुद्धलेखन तपासा’, किंवा ‘आज वाईट दिवस आहे, काय आवडलं तेवढंच सांगा’. तिन्ही मागण्या रास्त आहेत. फॅनफिकच्या जगात पोस्ट करण्याआधी मजकूर वाचून देणाऱ्याला ‘बीटा’ म्हणतात. चांगला बीटा हा चुका काढणारा मास्तर नसतो. ही गोष्ट तिच्या पद्धतीने अजून चांगली कशी होईल, हे तो बघतो. मला स्लो बर्न आवडत नाही म्हणून तुझ्या हिरो-हिरॉइनला पाचव्या प्रकरणात एकत्र आण, असं म्हणणं हे बीटाचं काम नाही.

बाकीच्या दिवसांसाठी आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा. समजा रविवारी रात्री नऊ. २५ मिनिटं सगळे गप्प बसून लिहितील, मग किती शब्द झाले ते सांगतील. चाळीस झाले तरी सांगायचं. आणि एक नियम हवाच: कट्ट्यावर ‘पुढचा पार्ट कधी?’ विचारायला बंदी. त्याऐवजी ‘कुठे अडलीयेस?’ विचारा. परीक्षेसाठी महिनाभर सुट्टी घ्यायची मुभाही ठेवा. सुट्टी सांगून घेतली की परत यायला तोंड लपवावं लागत नाही.

वर्षाला एक मोठा टप्पा हवा असेल, तर फॅनफिकवाल्यांची जुनी ‘बिग बँग’ पद्धत बघा. लेखक महिनोन्महिने आधी नाव नोंदवतो, ठरावीक किमान शब्दांचं फिक लिहायचं कबूल करतो. मधल्या तारखांना किती झालं ते कळवायचं असतं. मसुदा तयार झाला की चित्रकार त्यातली एक गोष्ट निवडून तिच्यासाठी चित्रं काढतो आणि शेवटी ठरल्या दिवशी दोन्ही सोबत प्रसिद्ध होतात. ओळखीचं वाटतंय ना? हा आपला दिवाळी अंकच झाला. लेखक, चित्रकार, संपादक आणि न हलणारी तारीख.

राखणदार कोण?

नॅनोरायमोच्या अनुभवानंतर हा भाग टाळून चालणार नाही. फॅनफिकमध्ये प्रौढांसाठीचा मजकूर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कट्टा १८ वर्षांवरच्यांचाच असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि पाळा. ज्युनिअर कॉलेजच्या मुलांनाही जागा द्यायची असेल तर त्यांचा कट्टा पूर्ण वेगळा ठेवा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली मुलांचं अश्लील चित्रण हा गुन्हा आहे आणि त्यात फोटो-व्हिडिओबरोबर मजकूरही येतो. ‘पात्रं काल्पनिक आहेत’ म्हणून शाळकरी पात्रांबद्दल काहीही चालतं, असं समजू नका.

मॉडरेटर एक नको, किमान दोघं हवेत. एकाविरुद्ध तक्रार असेल तर ती दुसऱ्याकडे करता आली पाहिजे. दर सहा महिन्यांनी ही जबाबदारी बदला. ग्रुप एकाच माणसाच्या हातात राहिला की तो थकतो तरी, नाहीतर मालक तरी होतो. दोन्हीत कट्टा बसतो.

जागा निवडताना नावाचा विचार करा. फॅनफिक लिहिणाऱ्यांत मुली आणि क्विअर तरुण-तरुणी मोठ्या संख्येने आहेत आणि बरेच जण टोपणनावानेच लिहितात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाला प्रत्येकाचा फोन नंबर दिसतो. डिस्कॉर्डवर नुसतं टोपणनाव पुरतं आणि गप्पा, बीटा, स्प्रिंट असे वेगळे कप्पे करता येतात. कट्ट्यावरचं खरं नाव बाहेर सांगणं हा थेट बाहेर काढण्याचा गुन्हा समजा. कुणाचं टोपणनाव हे तिच्या घरच्या शांततेशी जोडलेलं असू शकतं.

कट्टा आणि कपाट

आणखी एक गोष्ट इतिहासातून. लिहिणाऱ्यांची घरं याआधीही अनेकदा उठली आहेत. १९९८मध्ये सुरू झालेल्या ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ने २००२मध्ये फक्त प्रौढांसाठी असलेल्या फिक्सना बंदी घातली आणि लोकांचं लिखाण उडालं. मे २००७मध्ये ‘लाइव्हजर्नल’ने शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. त्यात फॅनफिकचे गटही होते. नंतर माफी मागून बरीच खाती परत सुरू केली, पण धडा मिळाला होता. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची ना-नफा संस्था काढली आणि नोव्हेंबर २००९मध्ये एओथ्री सगळ्यांसाठी खुलं केलं. देणग्या आणि स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या या संग्रहाला २०१९मध्ये विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तरीही जुलै २०२३मध्ये सायबर हल्ल्याने तो बंद पडलाच होता आणि चीनमध्ये तर २०२०पासून तो उघडतच नाही.

म्हणून कट्टा आणि कपाट वेगळं ठेवा. बसायची जागा कुठलीही असो, प्रत्येकाच्या प्रकरणांची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर हवी. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बॅकअप घ्या. सर्व्हर गेला तरी माणसं आणि मजकूर, दोन्ही उरले पाहिजेत.

एआयबद्दल नियम एका ओळीत मावतो: दुसऱ्याचा मसुदा त्याला विचारल्याशिवाय कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही. स्वतःच्या लिखाणाचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण कट्ट्याला सांगून. बीटा म्हणून वाचणाऱ्याने रात्री जागून शेरे लिहायचे आणि समोरचा मजकूर यंत्राने ओतलेला निघायचा, यात वाचणाऱ्याचा वेळ फुकट जातो.

पैशाचं काय? एओथ्रीवर फिकसोबत पैसे मागायला मनाई आहे आणि त्याला कारण आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२खाली अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा ठरावीक कामांसाठी सूट आहे. त्या यादीत फॅनफिकचं नाव नाही. मूळ लेखक काय म्हणतात हेही बघा. जे. के. रोलिंग यांच्या बाजूने फुकट लिहिणाऱ्यांना सहसा आडकाठी झाली नाही. अ‍ॅन राइस यांनी मात्र आपल्या पात्रांवरच्या फॅनफिकला ठाम विरोध केला होता. दुसऱ्याच्या पात्रांवर कमाई सुरू झाली की प्रेमाचा मामला वकिलांकडे जायला वेळ लागत नाही.

आणि कट्ट्यातल्या एखादीला खरंच प्रकाशकाचा फोन आला तर? पेढे वाटा. पण बाकीच्यांनी तेव्हापासून प्रत्येक प्रकरण ‘छापण्यासारखं आहे का’ या तराजूत घालायचं कारण नाही. अ‍ॅना टॉड यांचं ‘आफ्टर’ हे वन डायरेक्शनवरचं वॉटपॅड फॅनफिक २०१४मध्ये पुस्तक झालं, २०१९मध्ये सिनेमा झालं. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजता येतात. पूर्ण झालेली गोष्ट ही त्यापेक्षा कितीतरी हाताशी असलेली कमाई आहे.

मराठीत लिहिताना

‘इस प्यार को क्या नाम दूँ?’ २०११मध्ये लागली तेव्हा अर्णव आणि खुशीवर इंग्रजी-हिंदी मिसळून लिहिलेल्या फॅनफिक्सचा पाऊस पडला होता. आज बीटीएसपासून ‘जुजुत्सू कायसेन’पर्यंत सगळ्यांवर आपल्याकडची मुलं लिहितात. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठीत भागांमागून भाग लिहिणारेही खूप आहेत. आणि ‘ही तर कॉपी’ म्हणणाऱ्यांना ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ची आठवण करून द्या. आधीची पात्रं घेऊन नवं लिहिणं मराठीला परकं नाही.

पण मराठीत लिहिणाऱ्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते इंग्रजी कट्ट्यावर सुटत नाहीत. ड्रेको हरमायनीला ‘अगं’ कधी म्हणेल? स्नेपशी बोलताना हॅरी ‘तुम्ही’ म्हणेल, पण मनातल्या मनात ‘तो’ म्हणेल की ‘ते’? इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत वैऱ्यांचे प्रेमी होताना ‘अहो’वरून ‘अरे’वर नेमकं कुठल्या प्रकरणात यायचं, यावर अख्खं स्लो बर्न उभं राहतं किंवा पडतं. हे सांगायला मराठीच बीटा लागतो.

तेव्हा लाखोंच्या समूहाची वाट बघू नका. तुमच्या ओळखीत अर्धवट फिक असलेले तिघं असतीलच. त्यांना आज एक मेसेज टाका: ‘रविवारी नऊ वाजता २५ मिनिटं लिहायला बसतेय. येतेस का?’ नियम, कप्पे, मॉडरेटर हे सगळं दुसऱ्या रविवारी ठरवता येईल. पहिल्या रविवारी अडलेलं प्रकरण तेवढं उघडा.